साताऱ्याचा उतार, सांगलीचा उपसा आणि घरातला फिश टँक

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. दिवाणखान्यातला एवढा काचेचा टँक नजरेला फार मोठा वाटत नाही. हिशोब केला की तो १६ घनफुटांचा निघतो. काठोकाठ भरला तर त्यात ४५० लिटर पाणी, म्हणजे साडेचार क्विंटल वजन. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तरी ४०० लिटर उरतातच. यातलं चौथा हिस्सा पाणी दर आठवड्याला बदलावं, असं मासे पाळणारे जाणते लोक सांगतात. शंभर लिटर बाहेर आणि शंभर लिटर आत. पंधरा लिटरच्या बादलीनं सात खेपा न्यायच्या आणि सात आणायच्या. पहिले काही आठवडे हौशीत निघून जातात. पुढे आठवड्याचा पंधरवडा होतो, पंधरवड्याचा महिना होतो, आणि एक दिवस टँक विकायला निघतो. मोठे टँक बंद पडतात त्यातले कितीतरी बादलीपायी बंद पडतात.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तर अशा टँकवाल्यानं बादली उचलण्याचं काहीच कारण नाही. पाणी हलवायच्या दोन्ही विद्या या मातीत शेकडो वर्षं मुरलेल्या आहेत. पाण्याला उतारावरून खाली आणणं ही एक, आणि जोर लावून वर चढवणं ही दुसरी. घरातल्या टँकला या दोन्हींपलीकडे काहीही लागत नाही.

पण मुळात पाणी बदलायचं कशासाठी? काच स्वच्छ दिसते, फिल्टर चालू आहे, मासे पोहतायत. याचं उत्तर कृष्णेत आहे. महाबळेश्वरहून निघालेलं पाणी वाई, संगम माहुली, कराड, औदुंबर, सांगली असं जात राहतं. या नदीतला मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, आणि तो अमोनिया मिसळलेलं पाणी त्याच क्षणी पुढच्या गावाच्या दिशेनं निघालेलं असतं. नदीतल्या माशाचं पाणी क्षणोक्षणी बदलतं. टँकमधल्या माशाला मात्र आपण सोडलेलंच पुन्हा कल्ल्यांतून घ्यावं लागतं.

तरीही तो लगेच मरत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेच्या कोपऱ्यांत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसलेला असतो. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट करतात. या दोन पायऱ्या दोन वेगवेगळ्या जातींचे जिवाणू वाटून घेतात, असं विज्ञान शंभरावर वर्षं मानत आलं. २०१५ साली दोन्ही पायऱ्या एकट्यानं चढणारा जिवाणू सापडला, आणि तो ज्या ठिकाणांहून मिळाला त्यातलं एक ठिकाण होतं मासे वाढवण्याच्या टाकीला जोडलेला फिल्टर! दिवाणखान्यातल्या त्या काळपट स्पंजात केवढं जग नांदतं याची कल्पना यावरून यावी. स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा तो याच जगासाठी.

या साखळीचा शेवट नायट्रेटवर होतो. ते अमोनियाच्या मानानं पुष्कळ सौम्य, पण जायला वाट नसल्यामुळे साठत राहतं. इथे एक सुंदर गणित आहे. समजा आठवड्याला नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅमनं वाढतं आणि आपण दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो. नायट्रेट चढत चढत ४० वर येतं आणि तिथेच थांबतं, कारण ४० चा चौथा हिस्सा बरोबर १० होतो. जेवढं आलं तेवढं गेलं. दहावा हिस्साच बदलला तर ते १०० पर्यंत जाऊन थांबेल, अर्धं बदललं तर २० वर. म्हणजे टँकचं पाणी किती चांगलं राहणार हे आपल्या सवयीवर ठरतं, आणि सवय टिकणं कामाच्या सोपेपणावर. म्हणून सोप्या युक्त्यांना मी आळशीपणा म्हणत नाही. माशांच्या तब्येतीचा अर्धा भाग त्यातच आहे.

आता उतार. कासच्या तलावाचं पाणी ब्रिटिश काळापासून साताऱ्याला येतं. कास शहराहून तीन-चारशे मीटर उंच, त्यामुळे डोंगराच्या कडेकडेनं काढलेल्या पाटातून ते आपल्या वजनानं खाली येत राहिलं. त्याच्याही आधी यवतेश्वराच्या डोंगरातलं आणि महादऱ्याच्या तळ्यातलं पाणी शहरात उतरवलेलं होतं. मोटर नाही, इंजिन नाही. उंचीचा फरक हेच इंधन.

टँक स्टँडवर असतो. त्याची पाण्याची पातळी जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर आणि न्हाणीघराची जाळी जमिनीवर. म्हणजे घरातही उतार आहेच. अडचण एकच, मध्ये काचेची भिंत उभी आहे. पाण्याला आधी वर चढून ही भिंत ओलांडायची आणि मग खाली उतरायचं. पाणी हे आपणहून करतं, आणि शाळेत शिकूनही हे दरवेळी पाहताना नवल वाटतं.

नळी आधी पाण्यानं पूर्ण भरलेली हवी. त्यासाठी तोंडानं ओढायची गरज नाही, ओढूही नये. टँकच्या पाण्यात नाना जंतू असतात. नळीचं एक टोक टँकमध्ये बुडवून ठेवा, दुसरं न्हाणीघरातल्या नळाला लावा आणि नळ हळू सोडा. नळीतली हवा टँकमध्ये बुडबुड्यांनी बाहेर पडू लागेल. मासे दचकून कोपऱ्यात जातील, मग कुतूहलानं परत येतील. शेवटचा बुडबुडा गेला की नळ बंद. टोक बोटानं दाबून नळावरून काढा, जाळीपाशी जमिनीवर ठेवा आणि बोट सोडा. क्षणभर काही होत नाही, आणि मग धार सुरू होते. काठावरून बाहेर लोंबणारा नळीचा भाग लांब, आतला आखूड. कप्पीवरून टाकलेल्या साखळीची लांब बाजू जशी आखूड बाजूला ओढून घेते, तसं बाहेरचं जड पाणी आतल्या पाण्याला भिंतीवरून ओढून आणतं. ही साखळी तुटू न देण्याचं काम हवेचा दाब करतो. समुद्रकाठी तो दाब पाण्याचा सुमारे दहा मीटर उंच खांब तोलून धरतो. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, तिथे साडेनऊ मीटरच. आपल्याला लागते वीत-दोन वीत. उरलेली सगळी ताकद फुकट आपल्या डोक्यावर उभी असते.

नळीच्या मापाकडे मात्र नीट लक्ष द्यावं. दहा मीटर लांबीच्या अर्धा इंची नळीतून एवढ्या उतारावर मिनिटाला सहा-सात लिटर येतात, म्हणजे शंभर लिटरला पंधरा-सोळा मिनिटं. त्याच लांबीची पाऊण इंची नळी घेतली तर मिनिटाला सतरा-अठरा लिटर येतात आणि काम सहा मिनिटांत होतं. जाडी दीडपट झाली आणि वेळ जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आला! नळीच्या आतल्या भिंतीचं घर्षण अरुंद नळीत फार जाचतं, हे त्याचं कारण. दुकानातून टँक आणताना लोक मिळेल ती पारदर्शक बारीक नळी घेऊन येतात आणि पुढची अनेक वर्षं तिच्यासमोर ताटकळत बसतात.

नळीच्या टँकमधल्या टोकाला दोन इंची रुंद प्लॅस्टिकची नळकांडी लावली तर आणखी एक गंमत बघायला मिळते. ती खडीत खुपसली की खडी आत उसळते, गरगरते, आणि परत खाली पडते. तिच्यातला गाळ मात्र वर वर जात निघून जातो. इथे जाळी नाही, चाळण नाही, मग निवड कोण करतं? अर्ध्या इंची नळीत जे पाणी सेकंदाला ऐंशी-नव्वद सेंटिमीटर धावतं, तेच दोन इंची नळकांडीत सोळापट जागा मिळाल्यामुळे जेमतेम पाच सेंटिमीटर वेगानं चढतं. खडीचा दाणा पाण्यात त्याहून कितीतरी वेगानं खाली पडतो, विष्ठेचा आणि कुजलेल्या खाद्याचा हलका कण फार सावकाश पडतो. दोन पडण्यांच्या मधोमध पाण्याचा वेग बसवला की झालं. पाणीच निवडतं.

रिकामं करणं असं फुकटात झालं. भरणं फुकट नसतं. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर पाहिलेल्यांना ते वेगळं सांगायला नको. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात विरूबाई भोसल्यांनी बांधवलेली ही विहीर शंभर फुटांहून खोल आहे आणि तिच्यावर मोटा चालवायच्या जागाच जागा. पाणी वर यायचं तर तेवढी जनावरं राबायला हवीत. पुढे मोटेची जागा पंपांनी घेतली. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून उचललेलं पाणी पाच टप्प्यांनी चढत सांगलीच्या दुष्काळी भागाकडे जातं. म्हैसाळ आणि ताकारीच्या योजनाही अशाच. वीजबिल थकलं की आवर्तन थांबतं, हे आटपाडी-जतच्या शेतकऱ्याला पाठ आहे. वर चढणाऱ्या प्रत्येक थेंबाची किंमत कुणीतरी मोजत असतं.

टँकच्या बाबतीत ती किंमत किती? एका ड्रममध्ये शंभर लिटर पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलं, त्यात कूलरला लावतात तो छोटा पंप सोडला आणि नळी टँकच्या काठाला अडकवली. चाळीस वॅटचा पंप दहा मिनिटं चालला तर वीज लागते युनिटच्या दीडशेव्या हिश्श्याएवढी. सात बादल्यांचा भार, पाठीची कळ, ओली फरशी, सगळ्याच्या बदल्यात एवढीशी वीज. पंप घेताना एक बघावं: खोक्यावर लिहिलेली उंची ही पंपाची हद्द असते. ‘सहा फूट’ लिहिलं असेल तर सहा फुटांवर धार शून्य होते. त्यामुळे टँकच्या काठाहून बरीच जास्त उंची लिहिलेला पंप घ्यावा. आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढावा, यात कधीही सवलत नाही. टँकमध्ये हीटर असेल तर तोही पाणी कमी करण्याआधीच बंद. तापलेला काचेचा हीटर उघडा पडला की तडकतो.

गच्चीवर टाकी असलेल्या घराला पंपाचीही गरज नाही. पाणी आधीच वर चढवून झालेलं आहे. टाकीच्या खाली येणाऱ्या पाइपाला टँकजवळ एक टी आणि बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतला, की भरणं म्हणजे व्हॉल्व्ह उघडणं. सांगलीचा उपसा गच्चीपर्यंत, पुढे साताऱ्याचा उतार! गच्चीवर कधी गेलात तर टाकीशेजारी आकाशाकडे तोंड करून उभा असलेला एक उघडा पाइप दिसेल. तो पाइपात अडकलेली हवा बाहेर सोडण्यासाठी असतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणलं, तेव्हा त्या वाटेवर उंच उच्छ्वास बांधले होते, त्यांच्याकडेही हवेला वाट करून देण्याचं काम होतं. मला हा पाइप पाहिला की त्या कारागिरांची आठवण होते. अडीचशेहून अधिक वर्षांनी गवंडी बदलले, साहित्य बदललं, हवेनं अडलेलं पाणी मात्र तसंच अडतं.

गच्चीच्या पाण्याला दोन पथ्यं आहेत. मे महिन्यात दुपारी काळ्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही, मग माशांना ते कसं सोसेल? अशा दिवसांत पहाटेचं पाणी घ्यावं. दुसरं पथ्य क्लोरीनचं. नळाच्या शेवटच्या टोकालाही पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं भारतीय मानक सांगतं. माणसाच्या आरोग्यासाठी ते योग्यच, पण माशाचे कल्ले त्यानं भाजतात. पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडरही सढळ हातानं पडते. ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, जुन्या फोटो स्टुडिओतला ‘हायपो’ तोच.

या सगळ्याहून सुंदर उपाय ऊस आणि द्राक्षवाल्यांच्या दुकानात टांगलेला आहे. ठिबकचा ड्रिपर! ताशी दोन लिटरचा साधा ड्रिपर गच्चीच्या टाकीवरून लावला तर दाब कमी असल्यामुळे तो ताशी सव्वा लिटरच्या आसपास देतो, म्हणजे दिवसाला तीसेक लिटर. टँकच्या काचेला वरच्या बाजूला भोक पाडून ओव्हरफ्लोचा पाइप ड्रेनमध्ये सोडला असेल, तर जेवढं आलं तेवढं आपोआप बाहेर जातं. आठवड्यात दोनशे लिटर येतात आणि कुणालाही बादली, नळी, पंप काहीच हाताळावं लागत नाही. एकदम अर्धं पाणी बदलल्याइतका फायदा मात्र मिळत नाही, कारण नवं पाणी जुन्यात मिसळतं आणि थोडं नवंही वाहून जातं. दोनशे लिटर ठिबकले तर जुन्यापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी बदललेलं असतं. पण माशाच्या दृष्टीनं बघा. तापमान एकदम बदलत नाही, पीएच एकदम बदलत नाही, क्लोरीन आला तरी चारशे लिटरमध्ये एकेक थेंब. त्याला पुन्हा नदी मिळाली. ड्रिपरच्या आधी कार्बनचा छोटा फिल्टर बसवला तर तीही काळजी मिटते. भोक पाडण्याचं काम टँक घेतानाच, काच टफन केलेली नाही याची खात्री करून कारागिराकडून करून घ्यावं. टफन काचेला ड्रिल लागलं की तिचा चुरा होतो.

एकदम मोठा बदल का टाळायचा, याचं कारण दोन्ही जिल्ह्यांच्या पाण्यात वेगवेगळं दडलंय. कासचं पाणी म्हणजे जांभ्याच्या पठारावरून उतरलेला पाऊस, त्यात क्षार कमी. जत-आटपाडीच्या बोअरचं पाणी काळ्या खडकात मुरून आलेलं, क्षारांनी जड, भांड्यांवर पांढरे डाग सोडणारं. टँकमधले जिवाणू अमोनिया खाताना आम्ल तयार करतात. क्षारांचं पाणी ते आम्ल पचवतं, मऊ पाण्याला ते जमत नाही. म्हणून साताऱ्यातला दुर्लक्षित टँक हळूहळू आंबट होत जातो. या आंबट पाण्यात अमोनिया अमोनियमच्या रूपात गप्प बसतो, मासे ठीक दिसतात. मग कुणीतरी उत्साहानं अर्ध्याहून जास्त पाणी उपसतं आणि बोअरचं ताजं पाणी ओततं. पीएच साडेसहावरून आठवर जातो आणि विषारी अमोनियाचा वाटा जवळपास तीसपट होतो. संध्याकाळपर्यंत मासे उलटे. लोक म्हणतात, पाणी बदललं म्हणून मेले. खरं तर ते महिनोन् महिने न बदलल्यामुळे मेलेले असतात. असा टँक हाती आला तर रोज दहा-पंधरा लिटर, एवढ्यानंच सुरुवात करावी.

बाहेर काढलेल्या पाण्याचं काय, हा प्रश्न दुष्काळी भागात कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवा. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांचं नत्र. तुळस, कढीपत्ता, गुलाब त्यावर तरारतात. म्हणून नळीचं टोक जमेल तिथे जाळीऐवजी कुंड्यांकडे न्यावं. फक्त औषध किंवा मीठ टाकलेलं पाणी झाडांना घालू नये.

मोठा टँक घ्यायचं मनात असेल तर मासे निवडण्याआधी, स्टँडचं लाकूड ठरवण्याआधी, घरात दोन जागा शोधा: पाणी कुठून उतरेल आणि कुठे निघून जाईल. गच्चीचा पाइप आणि न्हाणीघराची जाळी या दोन्हींच्या जवळची भिंत हीच टँकची जागा. दिवाणखान्याचा शोभिवंत कोपरा त्यांच्यापासून लांब असेल, तर तो कोपरा सोडून द्या.